टमाट्याचा जॅम: तुमचे प्रश्न आणि माझी जळलेली पातेली

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की टमाटे स्वस्त झाले की घरी जॅम करून बघा, पोरं पोळीला लावून खातात. झालं. तेव्हापासून पत्रं, व्हॉट्सॲप, आणि एकदा तर परभणीच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात असताना एका बाईंनी अर्धा तास उभं करून विचारलं. चूक माझीच, चार ओळीत जॅम होत नसतो. म्हणून हे सगळं सदर आज जॅमलाच देऊन टाकलं, पनीर घरी कसं करायचं विचारणाऱ्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

ताई, आमच्या शेतातले टमाटे आहेत, कॅरेटला तोडणी-भाड्याचा खर्च पण निघेना म्हणून घरीच आणले. तुमचं वाचून एक अख्खं कॅरेट, वीसेक किलो असतील, मोठ्या तपेल्यात चुलीवर चढवलं. सकाळी नऊला ठेवलेलं दुपारी तीनपर्यंत ढवळतच होते. रंग काळपट विटकरी आला आणि गार झाल्यावर पण घट्ट होईना, नुसतं ओघळतंय. सासूबाई म्हणतात याच्यापेक्षा चटणी केली असती तर संपली तरी असती. काय चुकलं?
– एक वाचक, औसा तालुका

ताई, चुकलं एकच, ते कॅरेट. बाकी तुम्ही सगळं मनापासून केलं, सहा तास चुलीपुढं उभं राहणं काही खायचं काम नाही. आणि वाईट वाटून घेऊ नका, मी पण हेच केलंय. लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी टमाटे असेच मातीमोल झाले होते, मी माळ्यावरून भाताचं मोठं पातेलं काढलं, आठ किलो टमाटे त्यात, साखर पण सगळी एकदमच, आणि चार तासांनी जे निघालं ते चाखून आमच्या ह्यांनी विचारलं, हे पोळीला लावायचंय का पोळ्याला, खांदेमळणीला? तेव्हापासून मी एका वेळी दोन किलोच्या वर टमाटे घेत नाही. दहा किलो करायचे असले तर पाच वेळा करते, पण एकदम नाही.

का ते सांगते. टमाट्यात ९४-९५ टक्के पाणीच असतं. म्हणजे तुमच्या वीस किलोत जवळजवळ १९ लिटर पाणी होतं आणि ते सगळं तुम्हाला तपेल्याच्या तोंडातून वाफ करून उडवायचं होतं. वाफ निघते ती वरच्या पृष्ठभागावरून, खाली कितीही जाळ लावा. तपेलं खोल, तोंड लहान, मग लागणारच की सहा तास. आणि या सहा तासात दोन गोष्टी बिघडतात. एक तर साखर आणि टमाटा दोन्ही इतका वेळ तापले की करपट-तपकिरी होत जातात, तो तुमचा विटकरी रंग. दुसरी जास्त महत्त्वाची, फळात पेक्टिन नावाचा गोंद असतो, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा. जॅम घट्ट होतो तो याच्यामुळं, साखरेमुळं नाही. साखर फक्त त्याच्या भोवतीचं पाणी ओढून घेते आणि आंबटपणा त्या गोंदाचे धागे एकमेकांजवळ येऊ देतो, मग त्यांची जाळी बनते आणि जाळीत रस अडकून बसतो. टमाट्यात हे पेक्टिन मुळातच बेताचं, त्यात आंबट रसात तासन्‌तास उकळलं की धागे तुटून जातात. मग तुम्ही कितीही आटवा, चिकट होईल, घट्ट होणार नाही.

तर असं करा. पसरट कढई घ्या किंवा जाड बुडाचं स्टीलचं पातेलं. ॲल्युमिनियमचं नको, आंबट लागलं की ते उतरतं आणि चव पण धातूची येते. लोखंडी कढईत काळं पडेल. पितळी पातेल्याला कल्हई ताजी असेल तर चालेल, कल्हई उडालेलं असेल तर अजिबात नको.

दोन किलो टमाटे धुऊन बुडाला चाकूनं फुलीची चीर द्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडा, लगेच गार पाण्यात. साल बोटानं निघते. मग चिरून शिजवून, बिया नको असतील तर पुरणाच्या चाळणीतून काढा. साधारण दीड किलोच्या आसपास गर निघेल, टमाटा किती पाणचट त्याच्यावर आहे. त्यातला एक किलो मोजून घ्या (उरलेला भाजीत ढकला), आणि साखर न टाकता मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. हे महत्त्वाचं, पाणी आधी घालवायचं, साखर नंतर. मग ७०० ग्रॅम साखर, दोन मोठ्या रसरशीत लिंबांचा रस, चिमूटभर मीठ, आणि एका फडक्याच्या पुरचुंडीत चार लवंगा आणि बोटभर दालचिनी. लिंबाच्या बिया फेकू नका, त्या पण पुरचुंडीत टाका, बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात पेक्टिन भरपूर असतं. साखर मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, मगच आच मोठी करा आणि बाजूला हलू नका, दहा-पंधरा मिनिटाचाच खेळ आहे. वर फेस येईल तो शेवटी पळीनं काढून घ्या.

आता झाला कधी म्हणायचं? मी होम सायन्सला होते तेव्हा शिकवलेली एक पद्धत आहे, ती आजपर्यंत मला कधी फसली नाही. रिकामं पातेलं आधी वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवायचं. जितकी साखर टाकली त्याच्या दीडपट वजन भरलं की जॅम झाला. ७०० ग्रॅम साखर म्हणजे १ किलो ५० ग्रॅम जॅम, अधिक पातेल्याचं वजन. हल्ली घराघरात तो चपटा डिजिटल काटा असतोच की, केकसाठी आणलेला आणि दोनदा वापरलेला.

काटा नसेल तर स्टीलची छोटी ताटली फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यावर चमचाभर जॅम टाका, मिनिटभरानं बोटानं ढकला. वर सुरकुती पडली तर झाला. आणि टेस्ट करताना गॅस बंद ठेवा, नाहीतर इकडं तुम्ही ताटलीकडं बघताय आणि तिकडं तो पुढं निघून गेलेला असतो.

तुमच्या त्या तपेल्यातल्याचं काय करायचं? आता त्याला परत उकळू नका. त्यात लाल तिखट, मीठ, आलं, थोडं व्हिनेगर घालून गोड-तिखट चटणी म्हणून संपवा. सासूबाई बरोबरच होत्या, सांगू नका त्यांना मी असं म्हटलं म्हणून.

मी निवृत्त शिक्षक. मुलानं स्वयंपाकाचा थर्मामीटर आणून दिला आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं की जॅम १०५ अंशाला तयार होतो. मी तंतोतंत १०५ ला उतरवला तरी दोन्ही वेळा दगड झाला, चमचा वाकला. थर्मामीटर खराब असावा काय?
– छत्रपती संभाजीनगर

गुरुजी, थर्मामीटर बिचारा निर्दोष आहे. १०५ चा आकडा समुद्रकाठच्या लोकांचा. तिथं पाणी १०० ला उकळतं आणि जॅम त्याच्या पाचेक अंश वर तयार होतो. तुमचं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, आणि साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशानं उतरतो, हे तुम्हीच वर्गात शिकवलं असणार. म्हणजे तुमच्याकडं पाणी ९८ च्या आसपास उकळतं, आणि जॅम १०३ लाच झालेला असतो. तुम्ही दोन अंश पुढं गेलात, आणि शेवटचे दोन अंश म्हणजे बरंच पाणी उडून जातं.

सोपं करा, जॅमच्या दिवशी आधी साधं पाणी उकळून त्यात थर्मामीटर धरा, जो आकडा येईल त्यात पाच मिळवा. थर्मामीटर थोडा चुकीचा असला तरी ती चूक आपोआप वजा होते. नांदेडच्या लोकांनी पण असंच करावं, तिथं उंची कमी, आकडा जरा वेगळा येईल. आणि दांडा पातेल्याच्या बुडाला टेकवू नका.

दगड झालेला जॅम अर्धी वाटी गरम पाणी आणि लिंबू पिळून मंद आचेवर सैल होतो. पहिल्यासारखा नाही होणार, पण चमचा तरी वाचेल.

मी साखरांबा दरवर्षी करते, हात बसलेला आहे. टमाट्याचा जॅम पण तसाच तार बघून उतरवला. दुसऱ्या दिवशी चिक्की!
– एक काकू, सेलू

काकू, तुमचा हातच तुम्हाला नडला. साखरांब्यात कैरीच्या फोडी पाकात असतात, पाक वेगळा दिसतो म्हणून तार बघता येते. जॅममध्ये गर आणि पाक एकजीव असतो, दोन बोटात तार दिसेपर्यंत थांबलात म्हणजे वेळ निघून गेली. जॅम गरम असताना सैलच दिसला पाहिजे, गार झाल्यावर बसतो. पळी तिरपी करून बघा, सुरुवातीला थेंब एकेक पडतात, मग दोन थेंब पळीच्या काठावर सरकत येऊन एकमेकाला मिळतात आणि पडद्यासारखे एकत्र गळतात. तिथं थांबायचं. ज्यांनी आयुष्यात कधी पाक केला नाही त्या नव्या पोरींचा जॅम पहिल्या फटक्यात जमतो आणि तुमच्या-माझ्यासारख्यांचा फसतो, हे मी लई वेळा बघितलंय.

गावरान टमाटे चांगले की हायब्रीड? आमच्याकडं आठवडी बाजारात दोन्ही मिळतात.
– पूर्णा

चवीला गावरान. ते चपटे, खाचाखाचाचे, आंबट असतात आणि जॅमला आंबट लागतंच. पण त्यात रस आणि बिया जास्त, आटवायला वेळ जातो. लांबुळके हायब्रीड टमाटे जाड सालीचे, दळदार, गर भरपूर निघतो, पण आंबटपणा कमी आणि चव पण जरा मुकीच. मी दोन्ही मिसळते, अर्धे-अर्धे. आणि त्यात दोन-चार टमाटे असे घ्यायचे जे पूर्ण लाल झालेले नाहीत, केशरीपणावर आहेत, कारण पिकत गेलं की फळातलं पेक्टिन कमी कमी होत जातं. जे मऊ पडलेत, फुटलेत, एका बाजूनं काळे आहेत ते "जॅमलाच तर आहेत" म्हणून टाकू नका. खराब टमाट्याचा जॅम खराबच होतो, साखर काही पाप धूत नाही.

हिवाळ्यातच करा. उन्हाळ्यात टमाटे महाग, आणि जुलै-ऑगस्टचं तर विचारूच नका. २०२३ च्या जुलैत कितीतरी शहरांत किलोला दोनशेच्या वर गेले होते, तेव्हा माझ्याकडं माघातल्या दोन बरण्या शिल्लक होत्या आणि मी शेजारणीला दाखवून दाखवून खाल्ल्या.

लिंबं महाग झाली की आमच्याकडं मोसंबी ढिगानं असते. लिंबाऐवजी मोसंबीचा रस चालेल का?
– जालना

नाही चालणार, आणि हे सांगताना मलाच वाईट वाटतंय, कारण भौगोलिक मानांकन मिळालेली तुमची मोसंबी आणि मी तिला नाही म्हणतेय. पण मोसंबी गोड लागते ती काहून? आम्ल नसल्यासारखंच म्हणून. लिंबाच्या रसात साधारण ५-६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, मोसंबीत त्याच्या दहाव्या भागाइतकं पण नाही. तुम्ही वाटीभर रस ओतला तर आंबटपणा वाढणार नाहीच, उलट वाटीभर पाणी पुन्हा आटवत बसावं लागेल.

लिंबं महाग असतील तर किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, पांढरे खडे, किलोभर गराला तीन-चार ग्रॅम, म्हणजे लहान चमचा पूर्ण भरू पण नका. मोसंबीची साल मात्र वापरा. आतला पांढरा भाग पुरचुंडीत बांधून जॅममध्ये उकळू द्या, पेक्टिन सुटतं. पाचेक मिनिटानं काढा, नाहीतर कडवट उतरेल.

साखरेऐवजी गूळ घातला तर जास्त पौष्टिक होईल ना?
– कळंब, धाराशिव

पौष्टिक वगैरे राहू द्या, गूळ पण साखरच आहे, जरा लोह-खनिजं जास्त एवढंच. पण चवीला विचाराल तर, मला स्वतःला आवडतो. फक्त त्याला जॅम म्हणू नका, टमाट्याचा गुळांबा म्हणा, म्हणजे अपेक्षा बरोबर राहतात. रंग लाल येणार नाही, काळसर चॉकलेटी येईल. गुळात स्वतःचं पाणी असतं, शिवाय गूळ करताना चुना वापरतात त्यामुळं त्याला आंबटपणा कमी, म्हणून लिंबू दोनच्या जागी तीन घ्या. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, खडे-काड्या निघतात. सुंठ घाला, दालचिनी नको. घट्ट जॅमसारखा बसणार नाही, सैलसरच राहील, आणि फ्रीजमध्ये ठेवा, महिनाभरात संपवा. बाजरीच्या भाकरीवर तूप आणि हा गुळांबा, पौषातल्या थंडीत... असो, मी भूक लागलेली असताना लिहितेय.

बरणी उघडली तर वर पांढरी-हिरवी बुरशी. वरचा थर काढून खालचा वापरला तर चालतो असं आई म्हणायची. दुसऱ्या बरणीत बुरशी नाही पण खाली साखरेचे खडे जमलेत.
– नांदेड

बुरशीची बरणी पूर्ण टाकून द्या. माझी आई पण वरचं काढून द्यायची, तेव्हा कुणाला माहिती नव्हतं. बुरशी वर दिसते पण तिचे धागे आणि काही वेळा तिनं सोडलेलं विष खाली उतरलेलं असतं, आणि ते गरम करून जात नाही. ३० रुपयाच्या जॅमसाठी पोटाशी खेळू नका.

आली कशामुळं ते बघा. माझा अंदाज, तुम्ही जॅम कोमट झाल्यावर भरला आणि झाकण गच्च लावलं. मग आतल्या वाफेचे थेंब झाकणाला जमून परत जॅमवर पडतात, तेवढ्या वरच्या थरात साखर पातळ होते आणि बुरशीला घर मिळतं. घट्ट झाकणाची काचेची बरणी असेल तर आधी पाण्यात उकळून घ्या, पाणी उकळायला लागल्यापासून दहा मिनिटं, आपल्याकडं उंचीमुळं बारा धरा, आणि झाकणं पण स्वच्छ गरम पाण्यातून काढा. बरणी गरम असतानाच, लाकडी पाटावर किंवा कागदाच्या घडीवर ठेवून, उकळता जॅम गळ्यापर्यंत भरा, अर्धं बोट जागा सोडा, काठ पुसा, झाकण लगेच. थंड ओट्यावर ठेवली तर तडकते, माझ्या दोन गेल्यात. चिनी मातीची लोणच्याची बरणी वापरायची असेल तर ती कडक उन्हात तापवा, भरल्यावर वर मलमलचं फडकं बांधा आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण.

आणि चमचा! घरात सगळ्यांना सांगा, ओला चमचा नाही, पोळीचे कण लागलेला नाही. लोणच्याला आपण हात लावू देत नाही, पाळी आली तर शिवू द्यायचे नाहीत पूर्वी, तो मूर्खपणा होता, पण कोरड्या चमच्याचा नियम शंभर टक्के खरा.

न उघडलेली बरणी अंधाऱ्या गार जागी. उघडली की फ्रीज. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला स्वयंपाकघराच्या फळीवर जॅम ठेवून "टिकला नाही" म्हणणं म्हणजे माठ उन्हात ठेवून पाणी गरम झालं म्हणणं. मी स्वतः तीन-चार महिन्यांच्या पुढं शक्यतो जाऊ देत नाही. (वर जी दोन बरण्यांची फुशारकी मारली ती फ्रीजमधली होती.)

खड्यांची बरणी मात्र वाचते. खडे म्हणजे लिंबू कमी पडलं. आंबटात उकळताना साखर तुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, थोडी साखर अशी तुटली की उरलेलीला खडा धरता येत नाही. थोडं पाणी, एक लिंबू, मंद गॅस, विरघळवा, परत भरा. पुढच्या वेळी साखर पूर्ण विरघळल्याशिवाय उकळी आणू नका, आणि पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

जॅम घट्ट व्हायला चायना ग्रास किंवा जिलेटीन घालू का?
– वसमत, हिंगोली

नका घालू. घट्ट होईल, पण जेली होईल, पोळीवर पसरणार नाही, तुकडे पडतील. त्यापेक्षा एक अर्धपिका पेरू चिरून त्याच पुरचुंडीत घाला किंवा शिजवून गाळून गरात मिसळा, पेरूत पेक्टिन भरपूर. आणि महाशिवरात्रीच्या आसपास कवठं येतात ना, त्याचा अर्धा वाटी गर पाण्यात उकळून गाळून घाला, बघा कसा बसतो ते. कवठात पेक्टिन पण आहे आणि आंबटपणा पण, दोन्ही कामं एकदम. चव थोडी कवठाची येईल, ती मला चालते, आमच्या घरी एकाला चालत नाही.

घरात शुगरचे पेशंट आहेत, निम्म्या साखरेत होईल का?
– एक वाचक, जिंतूर

होईल, पण मग तो फ्रीजमधला ताजा पदार्थ, पंधरा दिवसात संपवायचा, बाहेर ठेवायचा नाही म्हणजे नाही. जॅम टिकतो तो साखर पाण्याला मोकळं सोडत नाही म्हणून. साखर कमी केली आणि टमाटा पण कमी आंबट निघाला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट; टमाट्याचा ४.३ ते ४.९ च्या दरम्यान असतो, आणि ४.६ च्या वर गेला की धोका) तर बंद बरणीत जे जंतू वाढू शकतात त्यांचं विष जिवावर बेततं. लिंबू कमी करू नका. आणि निम्म्या साखरेचा म्हणजे शुगरवाल्यांनी हवा तेवढा खायचा असं नाही, किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरला विचारा.

आमचा बारा जणींचा बचत गट आहे. टमाट्याचा जॅम करून विकावा म्हणतोय. लाल रंग टाकावा का, प्रिझर्वेटिव्ह कोणतं, आणि परवाना लागतो का?
– अंबाजोगाई

आधी रंग: नको. लाल रंग हवा तर पटकन शिजवा आणि पटकन गार करा, रंग जातो तो वेळ लावल्यानं. फार वाटलं तर बिटाचा लहान तुकडा पुरचुंडीत.

प्रिझर्वेटिव्ह पूर्ण साखरेच्या जॅमला घरगुती प्रमाणावर लागतच नाही. कुणी तुम्हाला पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, ते केएमएस, सुचवलं तर टमाट्याला मुळीच वापरू नका, ते लाल रंग उडवतं. टमाट्याला वापरतात ते सोडियम बेंझोएट, पण त्याचं प्रमाण नियमानं ठरलेलं आहे आणि चिमटीनं टाकायची ती वस्तू नाही.

विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच, घरून केलं तरी. आणि बाटलीवर जॅम लिहायचं असेल तर त्यात फळ कमीत कमी ४५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, कमीत कमी ६५ टक्के लागतात. हे दुसरं मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातभर सुद्धा नसलेलं यंत्र मिळतं, एक थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावून आकडा वाचायचा. गटानं मिळून घ्या, सगळ्यात कामाची खरेदी ती. बारा जणींचा जॅम बारा तऱ्हेचा होतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते पहिल्यासारखाच मिळेल म्हणून.

शिकायला कुठं जायचं म्हणाल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्राचं कॉलेज आहे, आणि तुमच्या जवळचं कृषी विज्ञान केंद्र फळप्रक्रियेची प्रशिक्षणं घेतं का ते विचारा. पैशासाठी २०२० साली केंद्र सरकारनं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आणली, पीएमएफएमई म्हणतात, त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत अनुदान ठेवलेलं होतं. सध्या अर्ज घेतायत का ते तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पुढचं ठरवा, आधी मशीन घेऊन मोकळ्या होऊ नका.

एक सांगू का, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. तुमच्या बीड जिल्ह्याचं सीताफळ नावाजलेलं. पण सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, त्याचा जॅम करायला जाऊ नका. टमाट्यावरच हात बसवा, आणि मोठं पातेलं आणायची घाई नको. बारा जणी, बारा कढया, प्रत्येकीत एक किलो गर. एका दिवसात बारा किलोच्या वर जॅम निघतो आणि एकीचा बिघडला तर एकीचाच बिघडतो.

ताई, धपाट्याला जॅम लावला तर?
– आठवीतली वाचक, माजलगाव

बाळा, पोळीला लाव, ब्रेडला लाव, शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यात पण घाल एखाद्या वेळी. धपाट्याला दही आणि ठेचा. जॅम लावलेला धपाटा आजीला दिसू देऊ नको, आणि डब्यात नेणार असशील तर पोळीला आधी तुपाचा हात फिरव, मग जॅम, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत पोळी ओली होत नाही.